पान एक्केचाळीसवरचा आकडा

वीरण्णाचं पत्र आलं तेव्हा शेषेरावांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि आपल्याच पुस्तकात, पान एक्केचाळीसवर, खूण म्हणून ठेवून दिलं. उद्या सकाळचा चहा झाला की उत्तर लिहायचं असं त्यांनी ठरवलं. त्या गोष्टीला अकरा महिने होत आले. एवढ्या दिवसांत चहा सहाशेच्या वर झाले असतील, उत्तर मात्र झालं नव्हतं.

पत्र वहीच्या कागदावर होतं, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात. सुरुवात लिंगायतांच्या नमस्कारानं, ‘शरणार्थी’नं.

‘सर, शरणार्थी. मी कल्लवाडी, तालुका उदगीर इथला शेतकरी. आमच्या वीरभद्राचा रथ, आम्ही तेर म्हणतो, जत्रेत वेशीपासून देवळापर्यंत चढावर ओढायचा मान आमच्या घराचा. आजोबा बैल जुंपायचे, मी देवस्थानची जुनी जीप जुंपतो. पंचांनी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं मोठं बसवलं. गिअरबॉक्स कंपनीचाच ठेवला. दोन जत्रांत दोनदा गिअरचे दात गेले. यंदा तेर चार हात मागं आलं. मागं बायका-लेकरं चालत होती. कुणाला लागलं नाही. तुमच्या पुस्तकात पान ४१ वर लिहिलंय की हा गिअरबॉक्स शंभर हॉर्सपॉवर सहज पेलतो. आमचं इंजिन सत्तरचं हाय. मग दात का जातात? कंपनीच्या गिअरबॉक्सला खरी ताकद किती पेलते, तेवढं एका ओळीत कळवावं.’

एका ओळीत! शेषेरावांनी आयुष्यात काहीही एका ओळीत लिहिलं नव्हतं. दूधवाल्याला ‘उद्या दूध नको’ अशी चिठ्ठी ठेवायची तरी ते तिला कारण जोडायचे, आणि परवाचं नक्की सांगता येत नाही हेही लिहायचे.

ते एकतीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवत होते. पुस्तकांवर त्यांचा फार जीव. गाडी मात्र ते अशी चालवायचे की मागून येणारी बैलगाडीही कंटाळावी. पोरांनी काही विचारलं की ते म्हणायचे, ‘तसं असू शकतं, पण तसं नसूही शकतं.’ म्हणून पोरांनी त्यांचं नाव ‘न्यूट्रल सर’ पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून पटलंही होतं.

निवृत्त झाल्यावर विष्णुपुरीच्या घरात बसून त्यांनी एक पुस्तक लिहिलं. गावोगावच्या मेकॅनिकांसाठी, सोप्या मराठीत, गिअरबॉक्सची ओळख आणि देखभाल. पाचशे प्रती छापल्या. छापताना छापखान्याच्या मालकानं सांगितलं की पान एक्केचाळीस सात ओळींनी वाढतंय, पुढच्या पानावर आकृती आहे, काहीतरी कापा. त्या पानावर शेषेरावांनी आधी आकडा दिला होता आणि आकड्याखाली सात ‘जर’ लिहिले होते. जर ओझं इतकं असेल, जर चढ इतका असेल, जर तेल बदललेलं असेल, असे. त्यांनी ते सातही ‘जर’ खोडले. बापड्यांनी जन्मात एकदाच आपल्या शंका खोडल्या होत्या. शंभरचा आकडा तेवढा पानावर एकटा उरला, न्हाऊन-माखून, ठामपणे उभा.

उत्तर लिहिलं नाही असं तरी कसं म्हणावं? पहिला मसुदा चौदा पानांचा झाला होता, दुसरा नऊ. अडचण आळसाची नव्हती, गणिताची होती. इंजिनाचं पुलिंग, पहिल्या गिअरचं प्रमाण, तेराचं वजन, चढ, सगळं अंदाजानं धरून शेषेरावांनी अकरा वेळा हिशेब मांडला. अकराही वेळा उत्तर एकच आलं: दात तुटायला नकोत. ते तर तुटले होते. म्हणजे आपल्याला गिअरबॉक्समधलं काही कळतच नाही आणि एकतीस वर्षं आपण पोरांना फसवलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पुस्तक मिटून ठेवलं.

मग यंदाच्या जत्रेची पत्रिका आली. ती सिंधुबाईंच्या हाती पडली. सिंधुबाई म्हणजे शेषेरावांच्या पत्नी. घरातले निर्णय त्या घ्यायच्या आणि शेषेराव त्यांवर विचार करायचे. पत्रिकेच्या तळाशी निळ्या शाईत दोन ओळी होत्या: ‘सर, पंच आता ट्रकचं इंजिन बसवायचं म्हणून राहिले. पान ४१ चा आधार दाखवतात. पुढच्या रविवारी बैठक हाय.’

“हा वीरण्णा कोण?” सिंधुबाईंनी विचारलं.

शेषेरावांनी सगळं सांगितलं. सांगायला पाऊण तास लागला. सिंधुबाईंनी तोवर मेथी निवडून संपवली.

“तुमचं पुस्तक वाचून ते लोक आणखी मोठं इंजिन बसवणार. त्यानं आणखी दात तुटणार. तेर मागं येणार, आणि मागं बायका-लेकरं. बरोबर?”

“तसं होऊ शकतं,” शेषेराव म्हणाले, “पण तसं नसूही…”

“अहो,” सिंधुबाई म्हणाल्या.

त्यांच्या एका ‘अहो’मध्ये पुष्कळ काही मावायचं. नाहीतरी सोमवारी दोघं लातूरला लेकीकडं निघालेच होते, सिंधुबाईंचे डोळे दाखवायला. लातूरहून उदगीर काही लांब नाही. सिंधुबाईंनी उभ्या उभ्या सुकन्येला फोन लावला आणि जावयाची बुधवारची सुट्टी पक्की केली. लिहिता येत नसेल तर तोंडानं तरी सांगून या, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेषेराव मनातल्या मनात एसटी बंद पडण्याची वाट बघत राहिले. पण त्या दिवशी एसटीनं दगा दिला नाही. अहमदपूरला तर ती दहा मिनिटं आधी पोचली.

बुधवारी सकाळी जावई हरिओमराव त्यांना घेऊन निघाले. हा गृहस्थ उत्साही. आपले सासरे गिअरबॉक्सचे तज्ज्ञ म्हणून कुण्या गावात निघालेत याचा त्यांना कोण अभिमान! उदगीर येईस्तोवर त्यांनी चहाच्या दोन टपऱ्यांवर हे सांगूनही टाकलं. शेषेराव मागच्या सीटवर आपल्याच पुस्तकाची प्रत मांडीवर घेऊन बसले होते. तिच्यात काही सापडतं का ते पाहत होते, जणू ती दुसऱ्या कुणी लिहिली होती.

कल्लवाडी उदगीरच्या पुढं, सीमेला लागून. अर्धं गाव मराठी बोलतं, अर्धं कानडी, आणि भांडताना सगळे दोन्ही. वेशीतून देवळाकडं जाणारा चढ अडीचशे पावलांचा असेल. वेशीपाशीच पत्र्याच्या शेडमध्ये जीप उभी होती आणि तिच्या बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत वाकलेला एक पन्नाशीचा माणूस होता. हरिओमरावांनी मोठ्यानं ओळख करून दिली. माणूस सरळ झाला, हात पुसत शेषेरावांकडं बघत राहिला.

“शरणार्थी, सर,” वीरण्णा म्हणाला. “तुम्ही हयात हाव व्हय?”

त्याची बायको रत्नम्मा शेडच्या दारात उभी होती. तिनं पदर सावरत खुलासा केला. “राग धरू नका, सर. वरीस होत आलं, उत्तर न्हाई. आम्ही म्हणलो, पुस्तक जुनं हाय, मास्तर गेले असतील. ह्यांनी तर देवळात तुमच्या नावानं नारळ फोडलं.”

शेषेरावांनी नारळाबद्दल आभार मानले.

धपाटे आणि दही पुढं आलं. खाता खाता वीरण्णानं बाकीचं सांगितलं. देवस्थानचे अध्यक्ष वीरेशअप्पा, उदगीरला त्यांचं आडत दुकान. माणूस मनाचा मोठा. जुन्या ट्रकचं इंजिन त्यांनी पदरच्या पैशानं ठरवूनही टाकलं होतं. बैठकीत ते शेषेरावांचं पुस्तक पोथीसारखं उघडायचे आणि पान एक्केचाळीस वाचून दाखवायचे: शंभर पेलतो म्हणून लिहिलंय, आपण सत्तरवरच अडून बसलो, ताकद कमी पडते म्हणून जीप झटके खाते. वीरण्णाला हे पटत नव्हतं. पण त्याच्याकडं छापील काही नव्हतं. गेल्या खेपेला तेर मागं आलं तेव्हा चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवणाऱ्या माणसाची बोटं थोडक्यात वाचली होती. ते आठवलं की वीरण्णाला अजून झोप लागत नसे. यंदा पुन्हा तेच झालं तर आपण स्टिअरिंगला हात लावणार नाही, मान गेला तरी चालेल, असं त्यानं घरात सांगून ठेवलं होतं. बोलताना तो धपाट्याकडं बघत होता. चार पिढ्यांचा मान होता तो.

जत्रेच्या आधीच्या आठवड्यात दरवर्षी तालीम व्हायची. तेराचा नुसता चाकांचा सांगाडा बाहेर काढायचा, त्यावर सोयाबीनची पोती रचायची आणि जीपनं चढावर ओढून बघायचा. ती आजच होती. वीरण्णानं गिअर नुकताच दुरुस्त करून आणला होता. सरांच्या डोळ्यांदेखत होऊ द्या, असं तो म्हणाला.

शेषेराव वही-पेन घेऊन जागा शोधू लागले. जीप तेराच्या पुढं उभी होती, पण तिचं तोंड तेराकडं होतं. आता वळवतील, असं त्यांना वाटलं. माणसांनी दोर आणला आणि जीपच्या पुढच्या हुकाला बांधला. शेषेरावांच्या मनात आलं, सांगावं का? मग वाटलं, हे लोक वर्षानुवर्षं करतायत, यांना कळत नसेल होय? आपलंच काहीतरी चुकत असेल. ते चढावर पंधरावीस पावलं पुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, कारण जीप वळवल्यावर तिचा चढ तिथून नीट दिसला असता.

वीरण्णानं देवळाच्या दिशेला नमस्कार केला, जीप चालू केली, आणि ती शेषेरावांच्या अंगावर पाठमोरी यायला लागली.

शेषेराव दोन पावलं मागं सरले. मग चार. वही सांभाळत ते चढावर उलटे चालू लागले, जीप उलटी त्यांच्यामागं, आणि जीपच्या मागं पोत्यांनी भरलेलं तेर. हरिओमरावांनी ओढून बाजूला घेतलं तेव्हा त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. पण नजर जीपच्या मागच्या चाकांवर होती. चाकं मुरमावर घसरत होती, मग एकदम पकडत होती, मग पुन्हा घसरत होती. दर पकडीला गिअरबॉक्समधून टक् असा आवाज यायचा आणि दोर ताठ होऊन थरथरायचा. तीस पावलांवर त्यांनी दोन्ही हात वर केले. एकतीस वर्षांत वर्गात त्यांनी असे हात कधी वर केले नव्हते. माणसांनी चाकाखाली ठोकळे घातले, जीप थांबली.

“वीरण्णा, तुम्ही नेहमी रिव्हर्समध्येच ओढता?”

“मग?” वीरण्णाला प्रश्नच कळला नाही. “तेरात देव बसतो, सर. देवाकडं पाठ करून गाडी चालवू का?”

“पत्रात लिहिलं नाही तुम्ही.”

“त्यात काय लिहायचं? सगळ्यांनाच ठाऊक हाय की.”

शेषेराव तिथंच पोत्यावर बसले. अकरा महिने, अकरा हिशेब, आणि सगळे पहिल्या गिअरचे! हिशेब चुकलाच नव्हता. तो तोंड फिरवलेल्या जीपचा होता, इतकंच. त्यांना इतकं हलकं वाटलं की कुणीतरी हातात दिलेला पाण्याचा तांब्या रिकामा झाला तरी ते पीत राहिले.

मग लोक भोवती जमले आणि शेषेरावांना शिकवावं लागलं. त्यांनी वीरण्णाच्या मुठीसमोर आपली मूठ धरली. बोटं म्हणजे दात. एकाचे दात दुसऱ्यात अडकले की एक चाक इकडं फिरतं, दुसरं तिकडं. आता गाडी उलटी न्यायची तर फिरणं पुन्हा पालटायला हवं. म्हणून मध्ये एक तिसरं, लहानसं चाक घालतात. त्यांनी हरिओमरावांची मूठ मध्ये घेतली. या मधल्या चाकाला एका बाजूनं इंजिन रेटतं, दुसऱ्या बाजूनं ओझं रेटतं. शेडमधून गाडी मागं काढण्यापुरतं ते बनवलेलं असतं. तेर ओढायला नव्हे.

“म्हंजे दोन्हीकडनं मार खाणारं,” रत्नम्मा म्हणाली. “आमच्या घरात बी हाय की एक. इकडं पंच, तिकडं मी.”

लोक हसले. वीरण्णाही हसला, पण त्याला खरं उत्तर हवं होतं. मग ताकद किती पेलते, त्यानं पुन्हा विचारलं.

शेषेराव म्हणणार होते की ते सांगणं अवघड आहे. पण आत्ताच पाहिलेलं डोळ्यासमोर होतं, आणि तोंडून भलतंच निघालं. ते म्हणाले, ताकदीनं दात तुटत नाहीत, हिसक्यानं तुटतात. जीप उलटी चढते तेव्हा तिचं वजन उताराकडच्या पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात, घसरतात, आणि पकडलं की सगळा हिसका त्या मधल्या चाकावर. इंजिन मोठं केलं की हिसका मोठा. ट्रकचं बसवलं तर दात पहिल्या तीस पावलांतच जातील. पहिला गिअर जाड असतो, त्याला मधलं चाक नसतं. जीपचं तोंड चढाकडं असेल, पायानं हिसका दिला नाही, तर सत्तर सोडा, जुन्या पेट्रोल इंजिनानंसुद्धा हे तेर मुंगीच्या चालीनं वर गेलं असतं. पण तोंड फिरवता येत नाही.

देवाकडं पाठ करायची नाही, एवढं एकच पक्कं होतं आणि त्यावर वाद नव्हता. शेषेरावांनाही तो घालायचा नव्हता.

“तोंड कशाला फिरवायचं?” रत्नम्मा म्हणाली. “जीप मागं लावा की. मागनं ढकला. तोंड चढाकडं, देव बी म्होरं.”

वीरण्णा तिच्याकडं बघत राहिला. शेषेराव तिच्याकडं बघत राहिले. मग एकमेकांकडं.

“आणि दोर?” एकानं विचारलं.

“दोर आपण धरू,” रत्नम्मा म्हणाली. “हात हायत न्हवं? म्हाताऱ्या सांगतात, आधी गावच ओढायचं, बैल निस्ते धरायला असायचे.”

तासाभरात सगळं उलटं मांडलं. जीपच्या पुढं आडवं जाड लाकूड बांधलं, त्याला पोतं गुंडाळलं. जीप आणि तेर यांच्या मध्ये कुणी जायचं नाही, हे शेषेरावांनी तीनदा सांगितलं. ठोकळेवाले बाजूनं चालतील आणि हात चाकापासून लांब ठेवून दांडीनं ठोकळा सरकवतील. वीरण्णानं पहिला टाकला, क्लच असा सोडला की जीपलाही कळू नये. लाकूड तेराला टेकलं, तेर हललं. आता वजन मागच्या चाकांवर दाबून बसलं होतं, ती मुरमात रुतून चढत होती. टक् नाही, थरथर नाही. शेषेराव या खेपेला बाजूनं, सुलटे चालत होते. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर जे काढलं ते पहिल्यांदाच त्यांच्याशेजारून चढावर जात होतं. देवळापर्यंत पावणेनऊ मिनिटं लागली. हरिओमरावांनी मोबाईलवर वेळ लावली होती.

वर पोचल्यावर वीरण्णा उतरला आणि सरळ शेषेरावांपाशी आला.

“आता लिहून द्या, सर.”

“अहो, सगळ्यांनी पाहिलंय की.”

“आम्ही बघितलं. वीरेशअप्पांनी वाचलंय,” वीरण्णा म्हणाला. “तोंडचं बोलणं पुस्तकाम्होरं टिकत न्हाई. तुमचं पान हाय, तुम्हीच मोडा. पान ४१ चुकलंय म्हणून लिहा. आणि माझ्या हातात देऊ नका, न्हाईतर म्हणतील ह्यानंच लिहून घेतलं. डाकेनं पाठवा, देवस्थानच्या नावानं. रविवारच्या आत.”

शेषेरावांनी मान हलवली. आज रात्री शांतपणे लिहितो, म्हणाले.

“सर,” वीरण्णा हळूच म्हणाला, “तुमच्या शांतपणात माझं एक वरीस गेलं.”

परतताना हरिओमराव अखंड बोलत होते. शेषेराव खिडकीबाहेर बघत होते. ‘जीप मागून लावा’ हे लिहायला काहीच अडचण नव्हती. पण ‘माझं पुस्तक चुकलं’ हे लिहायचं! एकुलतं एक पुस्तक. ते पत्र देवळात, लाऊडस्पीकरवरही असेल कदाचित, मोठ्यानं वाचलं जाणार. कुणी त्यांचा जुना विद्यार्थी तिथं बसलेला असला तर? आणि मनातून खरी भीती वेगळीच होती. एक पान चुकलं म्हटल्यावर बाकीच्या एकशे अकरा पानांवर तरी कुणी विश्वास का ठेवावा?

संध्याकाळी लातूरला सुकन्येच्या घरी ते टेबलाशी बसले. सिंधुबाईंच्या डोळ्यांत दुपारी थेंब घातले होते, त्यांना सगळं धूसर दिसत होतं. पत्र लिहून झाल्यावर शेषेरावांना तेवढंच बरं वाटलं. पण सिंधुबाईंनी डोळे मिटूनच फर्मावलं, “मोठ्यानं वाचा.”

शेषेराव वाचू लागले. “प्रस्तुत पुस्तकातील पान एक्केचाळीसवरील विधान हे विशिष्ट परिस्थितीच्या संदर्भात लक्षात घेतले असता, तसेच भाराचे स्वरूप, मार्गाचा चढ व चालकाचे कौशल्य यांचा साकल्याने विचार केला असता, असे म्हणण्यास वाव आहे की…”

आतल्या खोलीत सुकन्या खुदकन हसली. “बाबा, पंचांना झोप येईल. मग ते ट्रकचं इंजिन बसवूनच उठतील.”

“यात चूक कुठंय?” सिंधुबाईंनी विचारलं.

“आहे ना. ‘वाव आहे’ म्हटलंय.”

“कुणाची चूक, तेही नाही यात.”

मग शेषेरावांनी कधी न बोललेली गोष्ट सांगितली. छापखान्याच्या मालकाची, सात ओळींची, सात खोडलेल्या ‘जर’ची. शंका लिहायला लाज वाटली होती तेव्हा. वाटलं होतं, एक तरी पान ठाम दिसू दे. सिंधुबाईंनी मिटल्या डोळ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मग तेच लिहा ना,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या शंका त्यांना परत पाठवा. त्यांनी कधीच कुणाचं वाईट केलं नाही. आणि पुस्तकाचं काय घेऊन बसलात? त्या माणसानं तुम्ही मेला असं समजून नारळ फोडला, तरी पुस्तक टाकून दिलं नाही.”

नारळाची गोष्ट त्यांना हरिओमरावांनी सांगितलेली दिसत होती. शेषेरावांनी नवा कागद घेतला.

‘श्री वीरभद्र देवस्थानच्या पंचांस. माझ्या पुस्तकात पान ४१ वर दिलेला शंभर हॉर्सपॉवरचा आकडा चुकीचा आहे. तो मी लिहिला, त्याखालच्या अटी मीच गाळल्या. चूक माझी आहे, तुमची किंवा वीरण्णांची नाही. गिअरबॉक्सला किती ताकद पेलते हे नुसत्या इंजिनावर ठरत नाही. गिअर कोणता, ओझं किती, चढ किती आणि हिसका किती यावर ठरतं. रिव्हर्स गिअरला तुमचे सत्तरसुद्धा जास्त आहेत. ट्रकचं इंजिन बसवू नये. जीप तेराच्या मागून लावावी, पहिल्या गिअरात, सावकाश, आणि दोघांच्या मध्ये कुणी उभं राहू नये. देवाकडं पाठ होत नाही. ही युक्ती रत्नम्मा यांची आहे, माझी नाही. मी स्वतः येऊन पाहिलं आहे.’

एका ओळीत बसलं नव्हतं. पण एका पानात बसलं, आणि खाली जागाही उरली. त्या जागेत त्यांनी सही केली.

गुरुवारी सकाळी ते लातूरच्या पोस्टात गेले. सिंधुबाई बाहेर रिक्षात बसल्या, उन्हाचा चष्मा लावून. खिडकीपलीकडच्या बाईंना शेषेरावांनी रजिस्टर करायचं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही, काका, स्पीड पोस्ट करा, शनिवारपर्यंत जाईल. शेषेरावांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं, पण बोटं त्यावरच राहिली. बाईंनी पाकीट ओढून घेतलं, काट्यावर ठेवलं, पत्ता टाईप केला, पावती फाडून दिली.

पावती हातात आली आणि शेषेरावांना आठवलं, तेलाचं राहिलं. गिअरबॉक्सचं तेल जत्रेआधी बदला, हा सातातला एक ‘जर’ लिहायचा राहूनच गेला. आणि पेट्रोल इंजिनाबद्दल ते जे बोलले होते तेही जरा तपासून घ्यायला हवं होतं. त्यांनी खिडकीत वाकून विचारलं, ते पाकीट जरा एक मिनिट परत मिळेल का, एक ओळ वाढवायची आहे.

“न्हाई हो, काका,” बाई म्हणाल्या. “बुक झालं.”

त्यांनी पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. रांगेतला पुढचा माणूस शेषेरावांच्या खांद्यावरून हात पुढं घालून आपलं पार्सल सरकवत होता. शेषेराव बाजूला झाले. तेलाचं पोस्टकार्डावर लिहिता येईल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते दुसऱ्या खिडकीपाशी पोस्टकार्ड घ्यायला गेले.